प्रयोगशाळेच्या बॅकअपला कुलूप: प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, सोमवार

सदाशिव पेठेतील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेच्या बॅकअपचे काम आजपासून हाती घेतले. कोथरूड, हडपसर आणि चिंचवड येथे प्रयोगशाळेची नमुना-संकलन केंद्रे आहेत आणि सर्व अहवाल शेवटी पेठेतील मुख्य संगणकावर जमा होतात. रोज रात्री त्यांची प्रत एका बाह्य हार्ड डिस्कवर घेतली जाते व हिशेब पाहणारे काका ती डिस्क घरी नेतात. आग लागली किंवा पाणी शिरले तर एक प्रत इमारतीबाहेर असावी, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. मात्र मे महिन्यात ती डिस्क रिक्षात राहिली. दुसऱ्या दिवशी रिक्षाचालकाने ती स्वतः आणून दिली, तरी मधल्या एका रात्रीत हजारो रुग्णांचे अहवाल कोणालाही वाचता येतील अशा स्थितीत शहरात कुठेतरी होते, ही गोष्ट डॉक्टर मॅडमच्या मनातून जात नाही.

उद्दिष्ट एका वाक्यात लिहून ठेवतो: डिस्क कोणाच्याही हाती पडली तरी तिच्यावरील एकही अहवाल वाचता येऊ नये आणि प्रयोगशाळेला मात्र तो केव्हाही परत मिळवता यावा. एन्क्रिप्शन म्हणजे किल्ली या गुप्त संख्येशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात मजकूर बदलणे. येथे लिहिणारा व वाचणारा एकच असल्यामुळे सममित किल्लीचे एन्क्रिप्शन हाच सरळ मार्ग आहे. ज्या किल्लीने मजकूर बंद होतो त्याच किल्लीने तो उघडतो. सार्वजनिक व खाजगी अशा किल्ल्यांची जोडी वापरणारी पद्धत अनोळखी व्यक्तींमधील व्यवहारासाठी उपयोगी पडते. परंतु ती तुलनेने फार संथ आहे आणि रोजच्या चार जीबी मजकुरासाठी तिची गरज नाही.

१० जून, मंगळवार

जुना बॅकअप प्रोग्राम तपासला. त्यात ‘पासवर्डने सुरक्षित करा’ अशी एक खूण होती आणि ती गेली कित्येक वर्षे लावलेलीही होती, म्हणजे प्रयोगशाळेच्या समजुतीप्रमाणे डिस्क बंदच होती. आत पाहिले तर डीईएस निघाले.

डीईएस हे अमेरिकेने १९७७ साली स्वीकारलेले एन्क्रिप्शनचे मानक असून त्याचा पाया आयबीएममध्ये होर्स्ट फाइस्टेल यांच्या कामातून घातला गेला. त्याची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा ५६ अंकांची, म्हणून एकूण शक्य किल्ल्या ७२,०५,७५,९४,०३,७९,२७,९३६. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण १९९८ साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात खास यंत्र बांधून अशी एक किल्ली ५६ तासांत शोधून दाखवली, आणि पुढच्याच वर्षी जगभरातील संगणकांच्या जोडीने तेच काम एका दिवसाच्या आत झाले. आजच्या यंत्रांपुढे हे कुलूप लोटलेल्या दारासारखे आहे. शिवाय डीईएसच्या रचनेत कोणी मोठे छिद्र पाडले म्हणून ते पडले नाही. किल्ली आखूड होती, एवढेच कारण सामान्य हल्लेखोराला पुरेसे झाले.

११ जून, बुधवार

काम पाहणाऱ्या सहकाऱ्याने सुचवले की जगाला ठाऊक असलेली पद्धत घेण्यापेक्षा आपणच एक पद्धत रचावी, म्हणजे ती कोणालाच कळणार नाही. ही सूचना नवी नाही आणि मराठीत तिचे फार जुने उदाहरण आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यात अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह येई आणि ते संकेत पंथातील अभ्यासकांनाच ठाऊक असत. कित्येक शतके ते ग्रंथ बाहेरच्यांना अगम्य राहिले, पण इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि एकदा कोष्टक हाती आल्यावर त्या लिपीतील सगळेच ग्रंथ उघडले. राजवाड्यांनी १९१० साली स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ प्रयोगशाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे हे उदाहरण सहकाऱ्याला चटकन पटले.

जेथे पद्धत हेच गुपित असते, तेथे पद्धत फुटली की बदलायला काही उरत नाही. सांकेतिक लेखनाचे अभ्यासक ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली याच्या उलट नियम मांडला: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित फक्त किल्लीत असावे. किल्ली फुटली तर ती बदलता येते, ग्रंथालय पुन्हा लिहावे लागत नाही. आम्ही एईएस, म्हणजे डीईएसच्या जागी आलेले जगजाहीर मानक, घ्यायचे ठरवले.

१२ जून, गुरुवार

आजचा दिवस कागद-पेन्सिलीवर गेला. जे वापरायचे ते आतून कसे चालते हे एकदा हाताने करून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि मॅडमना समजावतानाही त्याचा उपयोग होईल.

एईएससाठी अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने १९९७ साली खुली स्पर्धा जाहीर केली. १५ प्रवेशिकांतून पाच अंतिम फेरीत आल्या आणि २००० साली योआन दामेन व व्हिन्सेंट रेयमेन या दोन बेल्जियन संशोधकांच्या राइनडाल या रचनेची निवड झाली. नोव्हेंबर २००१ मध्ये ती मानक म्हणून प्रसिद्ध झाली. सर्व प्रवेशिकांवर जगभरच्या तज्ज्ञांनी उघडपणे हल्ले करून पाहिले होते, हे मला त्या निवडीतले सर्वांत विश्वासार्ह वाटते.

मजकुराचे १२८ बिटांचे, म्हणजे १६ बाइटचे ठोकळे पाडायचे. प्रत्येक ठोकळा चार गुणिले चारच्या चौकटीत मांडायचा आणि मग फेऱ्या सुरू होतात: १२८ बिटांच्या किल्लीसाठी १०, १९२ साठी १२, २५६ साठी १४. प्रत्येक फेरीत चार कामे होतात. प्रथम चौकटीतील प्रत्येक बाइटच्या जागी २५६ नोंदींच्या ठरलेल्या तक्त्यातून दुसरा बाइट येतो. मग पहिली ओळ तशीच ठेवून दुसरी एक घर, तिसरी दोन घरे आणि चौथी तीन घरे डावीकडे सरकते. त्यानंतर प्रत्येक स्तंभातील चार बाइट एका मर्यादित संख्याक्षेत्रातील गुणाकाराने एकमेकांत मिसळले जातात. शेवटी त्या फेरीची किल्ली एक्सऑरने मिळवली जाते, म्हणजे दोन बिट सारखे असतील तर शून्य आणि वेगळे असतील तर एक. पहिल्या फेरीच्या आधीही एकदा किल्ली मिळवतात, आणि अखेरच्या फेरीत स्तंभ मिसळण्याचे काम नसते.

चार कामांपैकी पहिले काढून टाकले तर काय होईल, हा प्रश्न लिहून पाहिला. उरलेली तिन्ही कामे रेषीय आहेत. म्हणजे कितीही फेऱ्या केल्या तरी शेवटी किल्लीचे बिट हे शाळेतल्या एकसामयिक समीकरणांसारखे सुटतील आणि १४ फेऱ्यांचा सगळा डोलारा दुपारभरात कोसळेल. तक्त्यातील अदलाबदल ही एकटीच त्या सरळपणाला आडवी येते. उलट तेवढी एकटीच ठेवली, तर महानुभावांच्या कोष्टकापेक्षा ती फारशी वेगळी राहणार नाही. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात दोन गुण मागितले होते: किल्ली आणि कूटमजकूर (म्हणजे बंद झालेला मजकूर) यांचे नाते गुंतागुंतीचे असावे आणि साध्या मजकुरातील लहानसा बदल सर्वत्र पसरावा. पहिला गुण तक्ता देतो, दुसरा सरकवणे आणि मिसळणे मिळून देतात. दोनच फेऱ्यांत चौकटीतील प्रत्येक बाइट मूळच्या सोळाही बाइटांवर अवलंबून होतो, हे पेन्सिलीने बाण काढत तपासले. कागदाची अवस्था पाहण्यासारखी झाली.

१३ जून, शुक्रवार

अभ्यासासाठी लिहिलेला छोटा प्रोग्राम मानकातल्या नमुना उदाहरणावर चालवला. षोडशमान (सोळाच्या पायावरील) पद्धतीत उत्तराचा पहिला बाइट ६९ यायला हवा होता, तो आला नाही. दोन तासांनी उमगले की मी चौकट आडव्या ओळींनी भरत होतो आणि एईएसमध्ये ती उभ्या स्तंभांनी भरतात. दुरुस्त केल्यावर उत्तर जुळले. एक बिट बदलून पाहिले तर कूटमजकुराचे निम्म्याच्या आसपास बिट बदलले.

हा प्रोग्राम येथेच थांबतो. प्रत्यक्ष कामात अनेकांनी तपासलेली लायब्ररीच, म्हणजे तयार प्रोग्रामसंचच, वापरायची, स्वतःचे एईएस नाही.

किल्ली २५६ बिटांची घेतली. १२८ बिटांची किल्लीही पुरेशी होती: सेकंदाला दहा हजार कोटी कोटी किल्ल्या तपासणारे यंत्र मिळाले तरी सगळ्या किल्ल्या तपासायला सुमारे दहा लाख कोटी वर्षे लागतील. पण रुग्णांचे अहवाल दीर्घकाळ गुप्त राहायला हवेत आणि क्वांटम संगणकावरील शोधाची ग्रोव्हरची रीत किल्लीचे बळ सैद्धांतिकदृष्ट्या निम्म्या बिटांवर आणते. २५६ चे निम्मे १२८ हे तरीही भक्कम आहे.

१६ जून, सोमवार

एईएस फक्त १६ बाइटचा ठोकळा बंद करते; चार जीबीची फाइल कशी बंद करायची हे ते सांगत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या रीती आहेत आणि चूक बहुधा येथेच होते.

सर्वांत भोळी रीत म्हणजे प्रत्येक ठोकळा स्वतंत्रपणे त्याच किल्लीने बंद करणे. ती काय करते हे दाखवण्यासाठी प्रयोगशाळेच्या कोऱ्या अर्जाचे स्कॅन न दाबलेल्या बिटमॅप स्वरूपात घेतले, या रीतीने बंद केले आणि परिणाम पुन्हा चित्र म्हणून उघडला. पांढऱ्या भागातील सगळे ठोकळे एकसारखे असल्यामुळे त्यांचे कूटमजकूरही एकसारखे निघाले आणि अर्जाची चौकट, शिक्क्याचे वर्तुळ, सहीची रेघ असे सर्व काही करड्या पार्श्वभूमीवर स्पष्ट उमटले. मॅडम क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, हे तर वाचता येतंय!” दिवसभराच्या माझ्या बोलण्याने जे साधले नव्हते ते या एका चित्राने साधले.

आम्ही जीसीएम रीत निवडली. तिच्यात एईएस थेट मजकुरावर चालत नाही. एक अनुक्रमांक वाढवत नेऊन त्याचेच कूटरूप काढले जाते आणि त्यातून निघणारा यादृच्छिक भासणारा बिटांचा प्रवाह मजकुराशी एक्सऑर केला जातो. जोडीला १२८ बिटांची एक मोहोर तयार होते. कोणी मजकुरात एक बिट जरी फिरवला तरी मोहोर जुळत नाही आणि प्रोग्राम उघडायला नकार देतो. नुसते गुप्त ठेवणे पुरेसे नाही. रक्तगटाच्या जागचे बिट न वाचताही फिरवता येत असतील, तर ती डिस्क कोणाला वाचता न येणे हे समाधान फार तोकडे आहे.

फाइल एक एमबीच्या तुकड्यांत बंद करायची आणि तुकड्याचा क्रमांक व ‘हा शेवटचा’ ही खूण मोहोरेच्या हिशेबात धरायची, असे ठरवले. तसे न केल्यास कोणी तुकड्यांची अदलाबदल करील किंवा शेपूट कापून टाकील आणि उरलेल्या प्रत्येक तुकड्याची मोहोर तरीही बरोबर येईल.

१८ जून, बुधवार

संध्याकाळच्या पावसात वीज गेली आणि त्यामुळे माझी चूक सापडली.

जीसीएममध्ये प्रत्येक तुकड्याला ९६ बिटांचा एक एकदाच वापरायचा अंक द्यावा लागतो. तो गुप्त नसला तरी चालतो, पण एकाच किल्लीसोबत दोनदा वापरलेला चालत नाही. माझा प्रोग्राम शून्यापासून मोजत जात होता. वीज आल्यावर त्याने त्याच रात्रीची किल्ली उचलली आणि पुन्हा शून्यापासून मोजायला सुरुवात केली. मधल्या वेळेत मूळ फाइल मात्र बदललेली होती. एकच प्रवाह दोन वेगळ्या मजकुरांशी एक्सऑर झाला की दोन कूटमजकुरांच्या एक्सऑरमधून तो प्रवाह नाहीसा होतो आणि हाती उरतो दोन साध्या मजकुरांचा एक्सऑर. अहवालांचा ठरीव मसुदा ठाऊक असलेल्या माणसाला त्यातून बरेच काही वाचता येते. जीसीएममध्ये याहून वाईट म्हणजे मोहोर बनवणारे अंतर्गत गुपितही त्यातून उघडे पडू शकते, म्हणजे खोटी मोहोर उठवण्याची सोय होते.

दुरुस्ती साधी आहे. बॅकअप अर्धवट राहिला तर तो पुढे चालू करायचा नाही. अर्धी फाइल टाकून नवी किल्ली काढायची आणि पहिल्यापासून सुरू करायचे. वेळ जाईल, तो जाऊ द्यावा. चाचणीतली ती डिस्क पुसली.

२१ जून, शनिवार

काल दोन्ही पालख्या शहरात आल्या, आज मुक्काम आहे. पेठांतील रस्ते बंद असल्यामुळे मुख्य प्रयोगशाळेशी बोलण्यासाठी लागणारी हडपसरच्या केंद्राची किल्ली हातोहात पोचवण्याचा बेत पुढे ढकलावा लागला. ती फोनवर सांगावी किंवा ईमेलने पाठवावी, असे तिकडून सुचवण्यात आले. मी नकार दिला.

सममित पद्धतीची सर्वांत जुनी अडचण हीच आहे. कुलूप कितीही भक्कम असो, तीच किल्ली दोन्ही टोकांना आधी सुरक्षितपणे पोचायला हवी. चार ठिकाणांपैकी प्रत्येक दोघांमध्ये वेगळी किल्ली ठेवायची तर सहा लागतात, दहा ठिकाणांना ४५ आणि शंभरांना ४,९५०. आमच्याकडे केंद्रे एकमेकांशी बोलत नसून फक्त मुख्य प्रयोगशाळेशी बोलतात, म्हणून तीनच पुरतात आणि त्या मी स्वतः नेऊन देईन. इंटरनेटवर हा मार्ग चालत नाही, म्हणून तेथे सार्वजनिक किल्लीची पद्धत सुरुवातीला काही क्षणांपुरती वापरून एक सममित किल्ली ठरवतात आणि पुढचा सगळा मजकूर तिच्याच भरवशावर जातो.

२३ जून, सोमवार

रचना अशी ठरली: रोज रात्री संगणक ३२ यादृच्छिक बाइटची नवी किल्ली काढेल, तिने त्या रात्रीचा बॅकअप बंद होईल आणि ती किल्ली स्वतः एका मुख्य किल्लीने बंद करून फाइलच्या सुरुवातीला ठेवली जाईल. मुख्य किल्ली एका शब्दसमूहाने बंद राहील.

शब्दसमूह म्हणून मॅडमनी प्रयोगशाळेच्या स्थापनेची तारीख सुचवली. शंभर वर्षांत सुमारे ३६,५०० तारखा असतात. २५६ बिटांचे कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्याचा हा प्रकार झाला. त्याऐवजी मी १,२९६ मराठी शब्दांची यादी केली. फासा चार वेळा टाकला की एक शब्द निश्चित होतो आणि असे आठ शब्द घेतले की सुमारे ८२ बिटांचे बळ मिळते. त्यावर शब्दसमूहापासून किल्ली बनवणारी अर्गॉन टू ही रीत ६४ एमबी स्मृती वापरून चालवायची, म्हणजे अंदाज बांधणाऱ्यालाही प्रत्येक प्रयत्नाला तेवढीच स्मृती आणि वेळ खर्चावा लागेल. २०१५ साली पासवर्डविषयक खुल्या स्पर्धेत ही रीत विजयी ठरली होती.

येथे एक खास मराठी खड्डा निघाला. ‘दऱ्या’ हा शब्द काकांनी त्यांच्या कळफलकावर आणि मी माझ्या कळफलकावर टाइप केला. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसले, किल्ल्या मात्र वेगळ्या निघाल्या. काकांच्या टंकनात नुक्त्याचा ऱ होता आणि माझ्या टंकनात साध्या र नंतर हलन्त व अदृश्य जोडचिन्ह. युनिकोड या अक्षर-संकेत मानकाचे सामान्यीकरण, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या तऱ्हा एकरूप करण्याची रीत, या दोहोंना एक मानत नाही. डोळ्यांना एक दिसणारे शब्द कुलपाला दोन दिसतात, त्यामुळे ऱ्य आणि ऱ्ह असलेले सगळे शब्द यादीतून काढून त्यांच्या जागी दुसरे घातले.

२५ जून, बुधवार

कर्मचाऱ्यांना अर्धा तास समजावून सांगितले. त्यांना ही विद्या फक्त डिस्कपुरती वाटत होती, म्हणून त्यांच्याच दिवसातील उदाहरणे घेतली. स्वागतकक्षातील कार्ड यंत्रात ग्राहक पिन टाकतो तेव्हा तो यंत्रातच सममित किल्लीने बंद होऊन बाहेर पडतो. रेशन दुकानात अंगठा ठेवला की आधार पडताळणीचा मजकूर एकदाच वापरायच्या एईएस किल्लीने बंद होतो आणि ती छोटी किल्ली आधार प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या सार्वजनिक किल्लीने. अहवाल व्हॉट्सॲपवर जातो तेव्हा प्रत्येक संदेशाला वेगळी एईएस किल्ली असते. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील मजकूर सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएस १.३ या २०१८ च्या मानकात मजकुरासाठी केवळ मोहोरेसह चालणाऱ्या रीतीच शिल्लक ठेवल्या आहेत.

वायफायचा विषय निघाला तेव्हा चिंचवडचा राउटर टीकेआयपी या जुन्या एन्क्रिप्शनच्या सेटिंगवर चालत असल्याचे कळले. तो तेथल्या तेथे एईएसवर आणला. त्याच्याही आधीच्या डब्ल्यूईपी या वायफाय सुरक्षा पद्धतीत एकदाच वापरायचा अंक केवळ २४ बिटांचा होता, म्हणजे माहितीच्या १,६७,७७,२१६ पाकिटांनंतर तो परत येणे अटळच. माझ्या प्रोग्रामने वीज गेल्यावर केलेली चूक एका संपूर्ण मानकानेच करून ठेवली होती.

२७ जून, शुक्रवार

मुख्य संगणकाच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास आज्ञा आहेत, त्यामुळे तेथे एन्क्रिप्शनचा वेळ डिस्कवर लिहिण्याच्या वेळेत लपून जातो. हडपसरच्या जुन्या संगणकात त्या नाहीत. तेथे तक्ते वापरून एईएस संथ चालते, शिवाय तक्ता वाचायला लागणाऱ्या सूक्ष्म वेळेतून किल्लीचा सुगावा लागण्याचा ज्ञात धोकाही असतो. त्या केंद्रासाठी चाचा-ट्वेंटी आणि पॉली-वन-थ्री-झीरो-फाइव्ह ही जोडी घेतली; पहिली मजकूर बंद करते, दुसरी मोहोर बनवते. तिच्यात तक्ता नाही. चाचा-ट्वेंटीत बेरीज, बिट फिरवणे आणि एक्सऑर एवढ्याच क्रिया २० फेऱ्या चालतात. किल्ली येथेही २५६ बिटांची आहे.

काकांनी विचारले की बंद केलेली फाइल झिप करून लहान का होत नाही. चांगला प्रश्न होता. चांगल्या कूटमजकुरात पुनरावृत्ती उरत नाही, म्हणून दाबायचे ते आधी आणि बंद करायचे ते नंतर. मी क्रम उलटा ठेवला होता, तो बदलला.

३० जून, सोमवार

आज उलटी परीक्षा झाली. एक कोरा संगणक घेतला, गेल्या आठवड्याची डिस्क लावली आणि मॅडमनी मला न विचारता लेखी सूचनांवरून अहवाल परत मिळवावेत असे ठरले. पहिल्या वेळी शब्दसमूहातील दोन शब्दांमध्ये जास्तीची मोकळी जागा पडली आणि प्रोग्रामने नकार दिला. त्याने कारण सांगितले नाही, ते योग्यच आहे. दुसऱ्या प्रयत्नात सर्व फाइली उघडल्या. मग एका फाइलमधील एक बिट मी मुद्दाम फिरवला, तेव्हा तो तुकडा नाकारला गेला आणि कोणता ते नोंदवहीत उमटले.

आठ शब्द दोन कागदांवर लिहून एक मॅडमच्या बँकेतील लॉकरमध्ये, दुसरा त्यांच्या वकिलांकडे लाखबंद पाकिटात ठेवला. दोन्ही कागद गेले तर डिस्क कोणालाही उघडता येणार नाही, मलाही नाही, हे मॅडमकडून लिहून घेतले.

२ जुलै, बुधवार

डीईएसच्या काळातील चार जुन्या डिस्क कपाटात निघाल्या. नव्या डिस्कच्या बाबतीत किल्ली नष्ट केली की मजकूर नष्ट झाल्यातच जमा असतो. या चारांना ती सोय नाही. दोन पूर्ण पुसल्या. उरलेल्या दोन चालू होत नाहीत, म्हणून काका उद्या त्यांच्या तबकड्यांना ड्रिलने भोके पाडून आणणार आहेत, आणि या वेळी ते रिक्षाने जाणार नाहीत असे त्यांनी स्वतःहून सांगितले आहे.